पंपाला किती टोपणे?

(पनवेल येथे तंत्रशिक्षणाच्या अध्यापकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तळोजा आणि पाताळगंगा येथील औद्योगिक वसाहतींमुळे रसायनांची पिंपे व त्यांवरील इशारे पनवेलकरांना नवे नाहीत. तांत्रिक लेखन आणि संकल्पन कसे शिकवावे, हा विषय म्हणूनच येथे केवळ पुस्तकी राहत नाही. मी एकच उदाहरण घेणार आहे, ते कीटकनाशकाच्या डब्यावरील चौकोनाचे.

१९७१ च्या कीटकनाशक नियमांनुसार वेष्टनावर कोनावर उभा केलेला चौकोन छापावा लागतो. त्याच्या खालच्या भागातील रंग विषारीपणाची श्रेणी सांगतो. तांबडा म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, नंतर निळा आणि शेवटी हिरवा. आता वाचकाच्या बाजूने पाहा. रस्त्यावरचा हिरवा दिवा ‘जा’ म्हणतो. खाद्यपदार्थाच्या पुड्यावरील हिरवा ठिपका शाकाहाराची ग्वाही देतो. येथे मात्र हिरवा ही विषाचीच एक पायरी आहे. पिवळा निळ्याहून घातक, हे तर सांगितल्यावाचून कळणारच नाही. नियम पाळला गेला, माहिती छापली गेली. ती पोहोचली असे म्हणता येईल काय?

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. औषधांची मिश्रणे, संरक्षक साधनांचा अभाव, उंच वाढलेले पीक अशी अनेक कारणे पुढे आली. सारा दोष माहितीपत्रकावर टाकणे अन्यायाचे होईल. तथापि, फवारणारा मजूर पुष्कळदा डबा विकत घेणारा नसतो आणि बारीक अक्षरांतील ते घडीचे पत्रक त्याच्या हाती पडतेच असे नाही.

एकेकाळी संगणकावर देवनागरी नीट उमटविणे हीच अडचण होती. पवईच्या आयआयटीतील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकविणारे र. कृ. जोशी यांच्या ‘मंगल’सारख्या अक्षररचनांनी ती पुष्कळशी दूर केली. भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांनी शब्द दिले. आज कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणार्धात संपूर्ण पत्रक मराठीत करून देते, आणि विद्यार्थी ते जसेच्या तसे वहीत उतरवितो! यंत्र लिहिते, ‘प्रतिलिटर २ मिलिलिटर मात्रा वापरावी.’ शेतकरी विचारतो, ‘पंपाला किती टोपणे?’ पंप १५ लिटरचा असेल तर ३० मिलिलिटर. पण टोपणांचे आकार निरनिराळे, म्हणून टोपणाचा हिशेब सांगणेच धोक्याचे. तेथे मापपात्राचे चित्र हवे आणि त्यावर ३० ची रेघ ठळक हवी. हा निर्णय यंत्राकडून आपोआप होत नाही, कारण त्याने शेतकऱ्याचा प्रश्न ऐकलेला नसतो.

म्हणून माझी सूचना अशी. विद्यार्थ्याने पत्रक खुशाल यंत्राकडून करवून घ्यावे. मात्र गुण पत्रकाला देऊ नयेत. ते प्रत्यक्ष फवारणी करणाऱ्याच्या हाती द्यावे, मध्ये एक शब्दही न बोलता पाहावे, तो कोठे अडतो ते टिपून पुन्हा लिहावे, आणि दुसऱ्या माणसाला देऊन पाहावे. गुण या दुसऱ्या खेपेला. डब्यात अर्थातच साधे पाणी! जो अक्षरे जुळवून वाचतो अशा माणसाला आधी बोलवावे. हुशार वाचक वाईट पत्रकही सांभाळून घेतो.

यासाठी पाण्याने भरलेला पंप, एक मापपात्र आणि पंचायतीची ओसरी एवढे पुरे. उपस्थित सदस्यांनी पावसाळ्यापूर्वीची एक दुपार त्यासाठी मोकळी ठेवावी, अशी विनंती करतो.