राजाची तलवार आणि नांगऱ्याचे उत्तर

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



२०१५ ते २०२२ या काळात प्रसारित झालेली 'द लास्ट किंग्डम' ही मालिका ब्रिटनमधील आपल्या घरांतूनही आवडीने पाहिली गेली. बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या या कथेत नवव्या शतकातील वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि डेन आक्रमक यांचा संघर्ष आहे. आपली मुले त्याच अँग्लो-सॅक्सन काळाचे वाङ्मय वर्गात अभ्यासतात. या दोहोंची सांगड कशी घालावी, याविषयी आम्ही थोडे निवेदन करू इच्छितो.

आल्फ्रेड केवळ योद्धा नव्हता. विद्येचा ऱ्हास झालेला पाहून त्याने पोप ग्रेगरीचा लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणला आणि तरुणांनी स्वभाषेत वाचावयास शिकावे, अशी इच्छा प्रस्तावनेत प्रकट केली. ही गोष्ट गौरवास्पद खरीच. परंतु ती इच्छा स्वतंत्र कुळात जन्मलेल्या व ऐपत असलेल्या तरुणांपुरतीच होती. गुलामांच्या मुलांना तीत स्थान नव्हते.

मालिकेच्या दुसऱ्या पर्वात नायक उट्रेड गुलाम म्हणून विकला जातो. तो सरदारपुत्र आहे. सुटका होताच तलवार पुन्हा त्याच्या हाती येते. ज्याची सुटका होत नाही, असा माणूस भेटतो तो वर्गातील ग्रंथात. इसवी सन १०००च्या सुमारास एल्फ्रिक या मठवासी शिक्षकाने मुलांना लॅटिन शिकविण्यासाठी एक संवाद रचला. त्यातील नांगऱ्या सांगतो की, पहाटेच बैल हाकावे लागतात. कितीही कडक हिवाळा असो, धन्याच्या भयाने घरी राहता येत नाही. दिवसाला एक एकर तरी नांगरावेच लागते. एवढे कष्ट का? कारण तो स्वतंत्र नाही. १०८६ सालच्या 'डोम्सडे' नोंदवहीतही नोंदलेल्या लोकांपैकी सुमारे १० टक्के गुलाम होते.

संवादात पुढे एक ज्ञानी पुरुष उपदेश करतो की, ज्याने त्याने आपलेच काम करावे व आपण जे आहोत तेच राहावे. हा सूर आपल्या कानांना अपरिचित नाही. चातुर्वर्ण्याच्या अशाच समर्थनाचा समाचार बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात घेतला. इंग्लंडमधील ती गुलामगिरी पुढे बाराव्या शतकात मावळत गेली. धर्मग्रंथांचा आधार लाभलेली जात मात्र इतक्या सहजी मावळली नाही, हा भेदही मुलांना समजावून दिला पाहिजे.

आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्या नांगऱ्याचे दुःख मठवासीयाने लिहिले. नांगऱ्याच्या हाती लेखणी नव्हती. १९२० साली बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा ज्यांचे दुःख होते त्यांचीच लेखणी बोलू लागली. आपल्या मुलांच्या हाती आज जी लेखणी आहे, तिचा वारसा हा आहे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. मुलांना ऐतिहासिक मालिका पाहण्यापासून परावृत्त करू नका. त्यांच्याबरोबर बसून पाहा आणि मग विचारा : या राज्याची जमीन कोण नांगरीत होते? त्याची कहाणी कोणी लिहिली? हे दोन प्रश्न विचारावयास शिकलेले मूल कोणत्याही देशाचा इतिहास डोळसपणे वाचील.

जय भीम! नमो बुद्धाय!