जुन्या ट्रॅक्टरचे दिवे : दोष आणि दुरुस्ती



दसरा-दिवाळीनंतर अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर या भागांतील रस्त्यांवर कापसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ सुरू होते. बाजारातून परतताना बहुधा अंधार पडतो. अशा वेळी ट्रॉलीचा मागील दिवा बंद असल्यास, मागून वेगाने येणाऱ्या वाहनचालकास ती अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. म्हणून दिव्यांची दुरुस्ती हा केवळ सोयीचा नव्हे, तर जीविताचा प्रश्न होय.

आयशरचा ट्रॅक्टर १९५९ मध्ये फरिदाबादला तयार झाला. १९७१ पासून पिंजोरला एच.एम.टी.चे ट्रॅक्टर बनू लागले. त्या पिढीतील यंत्रांत वीजनिर्मितीसाठी सामान्यतः डायनॅमो असे. अशा यंत्राचे दिवे मंदावले की डायनॅमो उतरविण्याची घाई होते. वास्तविक दोष पुष्कळदा एखाद्या सैल वा गंजलेल्या जोडातच असतो. तो क्रमाने शोधावा.

प्रथम बॅटरी पाहावी. काही जुन्या विलायती ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असते, हे ध्यानात ठेवूनच जोडणी करावी. सांगाड्याची, म्हणजे अर्थची, तार आधी सोडावी व शेवटी जोडावी; त्यामुळे पाना लागून ठिणगी उडण्याचा धोका टळतो. टोकांवरील पांढरट-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावा. ते पाणी बॅटरीत जाऊ देऊ नये. टोके कोरडी करून, तारा घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावावे. १२ व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील विहिरीचे क्षारयुक्त पाणी तर कटाक्षाने टाळावे. बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. जवळ विडी वा काडी पेटवू नये.

नंतर फ्यूज पाहावा. तो वारंवार जात असल्यास कोठेतरी तार सांगाड्यास घासत आहे किंवा उंदरांनी ती कुरतडली आहे, असे समजावे. फ्यूजच्या जागी जाड तार घातल्यास आगीचा धोका संभवतो.

तिसरी तपासणी अर्थची. एक जादा तार दिव्याच्या धातूच्या भागापासून बॅटरीच्या अर्थ टोकापर्यंत धरावी. दिवा प्रखर झाला, तर दोष अर्थचाच. तेथील गंज व रंग काचकागदाने खरवडून नट आवळावा. ट्रॉलीच्या जोडणीचा प्लगही असाच तपासावा.

एवढे करूनही दिवे मंद राहिल्यास इंजिन मध्यम गतीने चालवावे. त्या वेळी १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे १४ व्होल्ट मिळावेत. तसे न घडल्यास सैल पट्टा, झिजलेले ब्रश वा कट-आउट यांचा संशय घ्यावा आणि हे काम जाणकार कारागिराकडे द्यावे. इंजिन अगदी मंद चालताना डायनॅमोचे दिवे फिके पडणे मात्र स्वाभाविक आहे.

ट्रॉली जोडल्यावर प्रत्येक वेळी एका व्यक्तीस मागे उभे करून दिवे लावून पाहावेत. मागील बाजूस लाल परावर्तक पट्ट्याही लावाव्यात. दिवा वाटेत विझला, तरी मागील वाहनाच्या प्रकाशात त्या चमकतात व ट्रॉली दुरून ओळखू येते.