थकलेल्या कार्यकर्त्याचा प्रश्न

(वरवंड, ता. दौंड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



खोडवा म्हणजे काय, हे कालव्याच्या या पट्ट्यात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. पहिला खोडवा परवडतो. परंतु खोडव्यावर खोडवा घेत गेले की एकरी टनेज घटते. अशा वेळी शहाणा शेतकरी उसाला दोष देत नाही, तो बेवड बदलतो. माणसांच्या बाबतीत मात्र आपण हे शहाणपण विसरतो. वर्षानुवर्षे राबलेला कार्यकर्ता बैठकीला येईनासा झाला की त्याची निष्ठा ढळली, असा निकाल देऊन आपण मोकळे होतो.

काम करता करता माणूस कोळपून जातो, या अवस्थेला शास्त्रीय चर्चेत स्थान मिळाले ते १९७४ साली. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात काम करीत असत. त्यांना ही अवस्था आढळली ती ध्येयाने झपाटलेल्या स्वयंसेवकांत, कामचुकारांत नव्हे. (सदैव कामात असल्याचे नुसते दाखविणारे कधी थकत नाहीत, हा आपलाही अनुभव आहे.) २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची तीन लक्षणे नमूद केली: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा वा तुच्छता, आणि आपल्या हातून काही होत नाही ही जाणीव. संघटना तिला रोग म्हणत नाही. कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणाचा तो परिणाम आहे, असे म्हणते. म्हणजे प्रश्न केवळ व्यक्तीच्या मनाचा नाही, कामाच्या रचनेचा आहे.

यांतले दुसरे लक्षण आपण विशेष ओळखले पाहिजे. रेशनकार्डासाठी दारात उभ्या राहिलेल्या म्हातारीचा ज्याला राग येऊ लागतो, तो मुळात कठोर असतोच असे नाही. पुष्कळदा तो एके काळी सर्वांत कनवाळू असतो.

आशा सेविकांचे उदाहरण घ्या. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार वस्तीमागे एक आशा नेमली गेली. तिला ‘स्वयंसेविका’ म्हटले आणि वेतनाऐवजी कामागणिक मोबदला ठरविला. कोरोनाच्या काळात ती घरोघर फिरली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. पण त्याआधीच, जून २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील आशांना संप करावा लागला होता. मार्च २०२४ मध्ये राज्याने मासिक मोबदल्यात पाच हजारांची वाढ मंजूर केली, तीही संप आणि आझाद मैदानावरील ठिय्या यांनंतर. अशा बाईला ‘मन शांत ठेवा’ म्हणून सांगणे हा शुद्ध दांभिकपणा आहे. सेवाभाव हे वेतन न देण्याचे निमित्त ठरते, तेव्हा थकव्याची पेरणी व्यवस्थाच करीत असते.

विश्रांती हा हक्क आहे, हे आपल्या चळवळीला नवे नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. कुरकुंभच्या वसाहतीत पाळीवर जाणाऱ्या मुलांशी या विषयावर आपण बोललेच पाहिजे.

आता आपल्या घरचे. चार दिवस गावी जाऊन आल्याने हा थकवा जात नाही. परतल्यावर तोच भार तसाच वाट पाहत असतो. भार कमी करावा लागतो, आणि कोणते काम सोडायचे हे ठरविण्याचा अधिकार त्या माणसाला द्यावा लागतो. उदासी हटत नसेल, झोप आणि भूक गेली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मात्र डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. १४४१६ या क्रमांकावर शासनाची टेलि-मानस सेवा विनामूल्य आहे. त्यात लाज कसली?

आपल्या शाखेत रात्री-अपरात्री रुग्णाला दौंडला वा पुण्याला नेण्याचे काम सदैव एकाच्याच अंगावर पडते. ते तिघांत वाटून घ्यावे, पाळ्या लावाव्यात, आणि ज्याची पाळी नाही त्याला त्या रात्री फोन करू नये. ती यादी आज उठण्यापूर्वीच करावी, अशी माझी सूचना आहे.