रुग्णसेवेतील अप्रमाद



संसर्गाशी झुंजताना शरीराचा प्रतिकारच अनावर होऊन स्वतःच्या अवयवांना अपाय करू लागतो, त्या अवस्थेस ‘सेप्सिस’ म्हणतात. २०१७ या एका वर्षात जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी निगडित होते. उपचारातील विलंब येथे प्राणावर बेततो.

रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात नाडी, श्वास, ताप काही तासांच्या अंतराने पाहिले जातात. मनगटावर वा छातीवर लावलेला संवेदक ही नोंद अखंड ठेवतो. त्या नोंदींतील सूक्ष्म बदल हेरून कृत्रिम बुद्धिमत्ता वेळीच इशारा देऊ शकते.

तथापि यंत्रावर अंधविश्वास नसावा. रुग्णनोंदींवर चालणाऱ्या एका संगणक प्रणालीस सेप्सिसचे ६७ टक्के रुग्ण ओळखता आले नाहीत, असे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासात २०२१ साली आढळले. याउलट, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विकसित झालेली तशीच प्रणाली पाच रुग्णालयांत वापरली गेली. तिच्या इशाऱ्याची डॉक्टरांनी तीन तासांच्या आत दखल घेतली, त्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण इतरांच्या तुलनेत १८.७ टक्क्यांनी कमी होते, असे २०२२ साली प्रसिद्ध झाले.

यंत्र जागे करते; धावून जावे लागते माणसालाच. धर्माने शिकविलेला अप्रमाद तो हाच. तापासोबत धाप लागली, रुग्ण असंबद्ध बोलू लागला, तर घरच्यांनी सकाळची वाट पाहू नये. वेळेवर पोहोचते तेच खरे औषधदान.

जय जिनेंद्र!