शाळेतली कसरत आणि सेगावची वाट



राजकोटच्या आल्फ्रेड हायस्कुलात दोराबजी एदलजी गिमी नावाचे मुख्याध्यापक होते. शिस्तीचे कडक, तरी मुलांचे लाडके. त्यांनी वरच्या वर्गांना कसरत आणि क्रिकेट सक्तीचे केले. त्या वर्गांत एक लाजाळू मुलगा होता आणि त्याला दोन्ही नकोसे होते. सक्ती होण्याआधी तो कधी खेळायला उतरलाच नव्हता. शाळा सुटली की धावत घरी जावे आणि आजारी वडिलांची सेवा करावी, एवढीच त्याची ओढ. एका शनिवारी आभाळ भरून आले होते, जवळ घड्याळ नव्हते. तो कसरतीला पोचला तेव्हा मुले पांगली होती. त्याने खरे कारण सांगितले, ते कोणी मानले नाही, वर दंड झाला. खोटे बोलणारा ठरलो याचे त्याला फार वाईट वाटले.

याच मुलाने कुठल्याशा पुस्तकात वाचले की मोकळ्या हवेत लांबवर चालणे चांगले. ते मात्र त्याला मनापासून पटले आणि तो चालू लागला. पुढे लंडनमध्ये शिकताना गाडीभाडे वाचवण्यासाठी तो रोज आठ-दहा मैल पायी फिरला. विलायतेत आपण जवळपास आजारीच पडलो नाही याचे श्रेय त्याने आपल्या आत्मकथेत या चालण्यालाच दिले आहे. दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मपासून जोहान्सबर्ग एकवीस मैलांवर होते आणि खासगी कामासाठी जाणाऱ्याने तिथे चालतच जायचे, असा रिवाज होता. ३० एप्रिल १९३६ च्या पहाटे हाच माणूस वर्ध्याच्या मगनवाडीतून निघून सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला पायी गेला. वय ६६, आणि महिना वर्ध्याच्या उन्हाळ्याचा.

मोहनदास गांधींची ही हकीकत वर्धा जिल्ह्यातल्या पदवीदान समारंभात सांगण्याचे कारण त्यांचे मोठेपण हे नाही. ज्या मुलाला सक्तीची कसरत नकोशी झाली होती, त्यालाच आवडीचे चालणे आयुष्यभर पुरले. शरीराला काम द्यायचे तर ते मनाला रुचणारे हवे, मग त्याची आठवण करून द्यावी लागत नाही. आजच्या स्नातकांना सांगायचे आहे ते इतकेच आहे. ते साधे असले तरी त्याची निकड मोठी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात जगभरच्या हालचालींचा हिशेब मांडला. त्यानुसार २०२२ साली जगातले ३१ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. भारतात असे प्रौढ जवळजवळ निम्मे निघाले आणि स्त्रियांमध्ये तर ५७ टक्के. २०२३ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीतून देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह असल्याचे दिसले होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र पुरेसे स्पष्ट होते.

पण वर्धा जिल्ह्यात हा उपदेश सरसकट करता येत नाही. आज या मांडवात बसलेल्या कितीतरी आईवडिलांनी उभा जन्म वावरात काढला आहे. कापसाच्या वेचणीला दिवसभर वाकलेल्या, सोयाबीनच्या सोंगणीला उन्हात बसलेल्या आईला ‘रोज अर्धा तास चालत जा’ असे सांगणे हा तिच्या कष्टांचा अपमान आहे. शास्त्रही तिच्याच बाजूने बोलते. डेन्मार्कमधले संशोधक आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे दाखवत आले आहेत की, फावल्या वेळात आवडीने केलेली हालचाल हृदयाला जसे बळ देते, तसे पोटासाठी केलेले जड, न थांबणारे काम देतेच असे नाही. तिथे विसावा नसतो, वेग दुसऱ्याच्या हातात असतो आणि शरीर सावरायला उसंत मिळत नाही. कष्टकऱ्याला हवी असते विश्रांती, पोटभर चौरस जेवण आणि जमलेच तर थोडा खेळ.

त्याच आईची लेक आज पदवी घेते आहे. उद्या ती बँकेत, तहसील कचेरीत, शाळेत, दवाखान्यात किंवा नागपूर-पुण्याच्या कंपनीत खुर्चीवर बसेल. घराने दोन पिढ्या राबून तिला ही खुर्ची मिळवून दिली आहे आणि तिचा अभिमान वाटायलाच हवा. पण आईचे शरीर कामाने झिजले, तर लेकीचे बसून आखडेल. एकाच घरातली ही दोन दुखणी आहेत आणि दुसऱ्या दुखण्यावरचा उपाय बराचसा लेकीच्या स्वतःच्या हातात आहे.

खुर्ची काय करते, हे पहिल्यांदा लख्खपणे दिसले ते लंडनच्या बसगाड्यांवर. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष छापले. गाडी एकच, मार्ग एकच, माणसे साधारण एकाच परिस्थितीतली. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिने चढत-उतरत. हृदयविकार चालकांमध्ये अधिक आढळला. या पाहणीनंतर हालचाल आणि हृदय यांच्या संशोधनाचे नवे दालन उघडले.

ढासळलेले शरीर पुन्हा कसे उभे राहते, ते पाहायला आता पवनारकडे वळू. १९३८ साली विनोबा भावे यांची प्रकृती ढासळली. वजन ८८ पौंडांवर आले. गांधीजींनी हवापालट सुचवला. विनोबांनी थंड हवेच्या ठिकाणाऐवजी वर्ध्यापासून थोड्याच अंतरावरचे धाम नदीकाठचे पवनार निवडले. तिथे त्यांनी डोक्यावरची सगळी कामे खाली ठेवली आणि शेतात खोदायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी अगदी थोडा वेळ, मग रोज थोडे वाढवत. दमले की क्षणभर थांबायचे, पुन्हा कुदळ घ्यायची. काही महिन्यांत वजन चांगलेच वाढले, शरीर उभे राहिले. हाच माणूस १९५१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, सर्वोदय संमेलनासाठी पायी हैदराबादकडे निघाला. त्या प्रवासात पोचमपल्लीला जमीन दान मागण्याची भूदान चळवळ सुरू झाली आणि १९६४ मध्ये पवनारला परत येईपर्यंत विनोबा भारतभर चालत राहिले. हातपाय न हलवणाऱ्याने एके दिवशी एकदम दहा किलोमीटर धावायला जावे आणि दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसावे, असे आज फार होते. अशा प्रत्येकाने पवनारच्या शेतातली ती सावकाश सुरुवात ध्यानात ठेवावी.

पण नुसते ज्ञान पुरत नाही, याचाही दाखला याच मातीतला आहे. डॉ. अभय बंग वर्ध्यात जन्मले, सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेत शिकले. त्या शिक्षणात हाताचे काम पुस्तकाइतकेच मोलाचे होते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून हा विचार देशापुढे आला होता. बंग पुढे नामवंत डॉक्टर झाले, गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी झटले आणि तरीही १९९५ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. त्यानंतर त्यांनी आहार, चालणे, योग आणि ध्यान यांनी आपले जगणे नव्याने बांधले. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे त्यांचे पुस्तक घराघरांत वाचले गेले ते त्यातल्या प्रामाणिकपणामुळे. शरीराबद्दल सर्व काही ठाऊक असलेला माणूस शरीराकडे दुर्लक्ष करू शकतो, ही गोष्ट आज वैद्यकीची पदवी घेणाऱ्यांनी विशेष मनावर घ्यावी.

मग माणूस टिकतो कशाने? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेचा दीर्घकाळ अभ्यास केला. व्यायाम करणाऱ्यांच्या पाहणीत रायन आणि सहकाऱ्यांना आढळले की, केवळ दिसण्यासाठी आलेल्यांपेक्षा आनंदासाठी आणि काही जमू लागल्याच्या समाधानासाठी आलेले लोक जास्त टिकून राहतात. जिमची वर्षभराची वर्गणी भरून महिन्यात घरी बसणाऱ्यांना आळशी म्हणण्याची घाई करू नये. पुष्कळदा त्यांनी निवडलेली गोष्टच त्यांची नसते. एखाद्याला लोखंड उचलण्यात मौज वाटते, एखादीला नवरात्रात रात्रभर गरबा खेळून दमायला होत नाही. कुणाला दिंडीत टाळ घेऊन पावली खेळताना वेळेचे भान राहत नाही, तर कुणाला बॅडमिंटनचे फूल हवेत असेपर्यंत दुसरे काही सुचत नाही. शरीराला या सगळ्याचा उपयोग होतो.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचालीची आहे. शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंना ताण देणारे काही करावे. सलग दहा मिनिटे केले तरच धरायचे ही जुनी अट २०२० मध्ये गेली. त्यामुळे दोन जिने चढणे, बाजारापर्यंत पायी जाणे, मुलांसोबत अंगणात लगोरी खेळणे, हे सगळे हिशेबात येते.

विदर्भाला तर खेळांच्या बाबतीत कोणाकडे पाहायची गरज नाही. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारख्या देशी खेळांचे प्रात्यक्षिक जगाला दाखवले. गांधीजी सेगावच्या वाटेने निघाले तेच हे वर्ष. आट्यापाट्या, खो-खो, लंगडी यांना लागते चुन्याची रेघ आणि चार सवंगडी. हे खेळ शाळेच्या क्रीडामहोत्सवापुरते उरावेत, हे नुकसान मोठे आहे. नोकरीला लागलेल्या पंचविशीतल्या माणसांनी संध्याकाळी खो-खो खेळू नये असा नियम कोणी केलेला नाही.

ज्यांचे मन खेळात रमत नाही, त्यांच्यासाठी वर्ध्याने आणखी एक वाट दाखवली आहे. शहरालगतच्या हनुमान टेकडीवर वैद्यकीय जनजागृती मंचाच्या डॉक्टरांनी नागरिकांना सोबत घेऊन झाडे लावली आणि श्रमदानाने जगवली. कधीकाळच्या उजाड माळावर आता सावली आहे, आणि ती उभी करताना माणसांचे घाम गाळणे आपोआप झाले. आर्वी तालुक्यातल्या काकडदरा या कोलाम वस्तीच्या गावाने २०१७ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. ऐन एप्रिल-मेमध्ये गावकऱ्यांनी पंचेचाळीस दिवस माती उचलली, पाणी अडवण्याची कामे केली. पुढच्या वर्षी १ मे रोजी महाराष्ट्रभर शहरांतली माणसे गावोगावी महाश्रमदानाला गेली. कुदळीची सवय नसलेले ते हात दुपारपर्यंत फोडांनी भरले असतील, पण सोबतीने केलेल्या कामात जी ऊब असते ती धावपट्टीच्या यंत्रावर मिळत नाही.

अर्थात सगळा भार माणसाच्या इच्छेवर टाकून चालणार नाही. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा गावात चालणे सुखाचे व्हायचे तर रस्त्याला झाड हवे. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्त्यावरची जुनी झाडे रुंदीकरणासाठी तोडली जाऊ लागली तेव्हा वर्धेकरांनी विरोध केला, तो योग्यच होता. सावली गेली की पायी चालणारा गाडीवर बसतो आणि सायकलवाला स्कूटरवर. आज स्थापत्याची पदवी घेणाऱ्यांपैकी कोणी उद्या रस्त्यांचे आराखडे काढतील. पायवाट, सावली आणि बसायला एखादा ओटा, या तीन गोष्टी त्यांनी कागदावरच धरून ठेवाव्यात. नंतर त्यांना जागा मिळत नाही.

आणि मुलींचा प्रश्न वेगळा आहे. पुरेशी हालचाल न करणाऱ्या स्त्रियांचा ५७ टक्क्यांचा तो आकडा आळसातून आलेला नाही. शाळेत सायकल दामटणारी, कबड्डीत पकड करणारी मुलगी लग्नानंतर मैदानावर दिसत नाही. कारण सकाळ डब्यात जाते, संध्याकाळ स्वयंपाकात, आणि उरल्या वेळात बाहेर पडावे तर अंधार आणि रोखलेल्या नजरा. ज्या घरात नवराबायको दोघे नोकरी करतात, तिथे चुलीचे काम वाटून घेतल्याशिवाय तिला तो अर्धा तास मिळणार नाही. हे आजच्या मुलग्यांनी ऐकावे, आणि त्यांच्या आईवडिलांनीही. महाविद्यालयांची मैदाने संध्याकाळी रिकामी पडून असतात. आठवड्यातले काही दिवस ती दिव्यांसह गावातल्या बायकांसाठी खुली ठेवली, तर फार खर्च न करता मोठे काम होईल. आज पदवी घेणाऱ्यांत जे प्राध्यापक आणि मुख्याध्यापक होतील, त्यांच्या हाती हा निर्णय असेल.

सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ साली सुरू झाले ते गावातल्या माणसापर्यंत वैद्यक पोचवायचे या हेतूने. त्या परंपरेत वाढलेल्या डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांकडे उद्या मधुमेहाचा रुग्ण येईल तेव्हा केस पेपरवर ‘व्यायाम करा’ एवढे दोन शब्द लिहून पुढचा नंबर बोलावणे सोपे आहे. त्याऐवजी एक प्रश्न विचारता येईल: ‘काका, लहानपणी काय खेळायचे?’ कोणी विटीदांडू सांगेल, कोणी आखाडा, कोणी नदीत पोहणे. कोणी सांगेल की भजनी मंडळात नाचायचो. मग त्या माणसाच्या वयाला, गुडघ्याला आणि वेळेला झेपेल असे त्यातलेच काहीतरी केस पेपरवर लिहावे, सोबतीला कोण येईल तेही विचारावे, आणि पुढच्या तारखेला रक्तातल्या साखरेबरोबर त्याचीही चौकशी करावी.