वृद्धाश्रमांतील सांथ व आपलें कर्तव्य
(दिवाळे येथील महोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



मंगल प्रसंगीं सांथीचा विषय काढिला, हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु ज्या वृद्धांच्या कष्टांवर हा महोत्सव उभा आहे, त्यांपैकीं कांहीं आज वृद्धाश्रमांत दिवस कंठीत आहेत. त्यांस विसरून दीप उजळणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

सांथ आपणांस नवी नाहीं. सन १८९६ सालीं मुंबईच्या मांडवी भागांत गांठीचा प्लेग प्रथम ओळखणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे आपल्याच धर्माचे गोमंतकीय गृहस्थ. त्या संकटांत उभारलेले क्रूस वांद्र्याच्या रस्त्यांवर अद्यापि दिसतात. पुढें कोरोना आला. सन २०२१ च्या नोव्हेंबरांत आपल्याच ठाणें जिल्ह्यांत, भिवंडी तालुक्यांतील एका वृद्धाश्रमांत साठांहून अधिक जणांस संसर्ग झाला. त्यांतील बहुतेकांनीं लस घेतली होती. लस प्राण वाचविते, परंतु रोगाचें दार सर्वस्वीं बंद करीत नाहीं.

आश्रमांत पंगत एक, न्हाणीघर एक, सेविकाही त्याच. शिवाय म्हाताऱ्या माणसास ताप येईलच असें नाहीं. अन्न टाकणें, असंबद्ध बोलणें, अकस्मात् पडणें हीच कित्येकदां पहिली खूण असते. ती दिसतांच वैद्यास बोलवावें, निराळी खोली व निराळी सेविका द्यावी, खिडक्या उघडाव्या, मुखपट्टी बांधावी. जुलाब-वांतीच्या सांथींत केवळ सॅनिटायझरवर विसंबूं नये. साबण व पाणीच खरें. खरूज शिरली तर सर्वांस एकाच वेळीं औषध द्यावें. एक जण राहिला तरी ती फिरून येते.

सन २०२० सालीं अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत वृद्धाश्रमांमध्यें सांथ पसरली. चौकशीअंतीं दिसलें कीं, आजारी असतांही कामावर येणारे व एकाहून अधिक आश्रमांत राबणारे सेवक हेंही तिचें एक कारण होतें. आमच्याकडील सेविकेचेंही तसेंच. खाडा झाला तर तिची चूल पेटत नाहीं. मग ताप लपवूं नको, हें तिला कोणत्या तोंडानें सांगावें? आजारपणाच्या रजेचें वेतन हें वृद्धांचेंच औषध होय.

आतां आमची चूक सांगतों. सन २०२० सालीं एका आश्रमाच्या फाटकावरून आम्ही मागें फिरलों. नियम योग्यच होता. परंतु दूरध्वनि करणें आम्हांस सुचलें नाहीं. कांहीं आठवड्यांनीं तेथील एक कोळीण आजी देवाघरीं गेली. "फादर आले काय?" असें ती रोज विचारीत असे, हें आम्हांस मागाहून कळलें. नियम आम्हीं पाळिला. प्रीति पाळिली नाहीं. सन १५७६ च्या प्लेगांत मिलानच्या संत चार्ल्स बोरोमेओंनीं चव्हाट्यांवर वेद्या उभारिल्या, जेणेंकरून घरांत कोंडलेल्यांस खिडकींतून पवित्र मिस्सा पाहतां यावा. दूर ठेवणें निराळें, टाकून देणें निराळें, हें त्या संतानें जाणलें होतें.

म्हणून आमची विनंती इतकीच: महोत्सवाच्या निधींतून आजारी सेविकांच्या वेतनासाठीं कांहीं भाग राखावा. खोकला असेल त्यानें भेटीस जाऊं नये. आणि दारें बंद होतील तेव्हां प्रत्येक कुटुंबानें एका वृद्धाची रोज दूरध्वनीवरून चौकशी करावी.

प्रभु येशू तुम्हां सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.