प्रिन्स-टू पाठ करू नका, एक धागा पकडा

आजचा भाग प्रोजेक्ट मॅनेजमेंट शिकणाऱ्यांसाठी आहे, खास करून प्रिन्स-टूच्या परीक्षेचं पुस्तक उघडून बसलेल्यांसाठी.

पुस्तकात पहिल्यांदा काय दिसतं? सात तत्त्वं, सात थीम्स, सात प्रक्रिया. एकवीस नावं! आपण ती इतिहासाच्या सनावळ्यांसारखी घोकायला लागतो. पाठही होतात हो. पण या एकवीस गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, असं कुणी विचारलं की गाडी अडते.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1989 मध्ये ब्रिटिश सरकारने आपल्या आयटी प्रकल्पांसाठी प्रिन्स नावाची पद्धत आणली. 1996 मध्ये तिचं नवं रूप आलं, प्रिन्स-टू. ते कुठल्याही क्षेत्रातल्या प्रकल्पाला लावता येईल असं होतं. माझ्या मते ही सगळी पद्धत एका साध्या प्रश्नाभोवती उभी आहे: यात अजून पैसा आणि वेळ घालण्यात अर्थ आहे का?

आता हाच धागा पकडू. समजा, एका वाचनालयासाठी ॲप बनवायचंय.

ॲप कशासाठी, खर्च किती, फायदा काय, हे जिथे लिहिलेलं असतं ती बिझनेस केस. प्रकल्प सुरू करायच्या आधी तिचा कच्चा आराखडा होतो. इनिशिएशनमध्ये ती पक्की होते. प्रत्येक टप्पा संपत आला की ती पुन्हा तपासली जाते. शेवटी प्रकल्प बंद करतानाही तिच्याकडे बघितलं जातं. म्हणजे बघा, ‘प्रकल्पाचं कारण कायम टिकून असलं पाहिजे’ हे झालं तत्त्व. ‘बिझनेस केस’ ही थीम. आणि ती कधी, कुणी हातात घ्यायची, हे सांगतात प्रक्रिया. तत्त्व म्हणजे का, थीम म्हणजे कशावर लक्ष ठेवायचं, प्रक्रिया म्हणजे कोणी आणि कधी. तिन्ही याद्या एका धाग्यात आल्या!

मग निर्णय कोण घेतं? प्रोजेक्ट बोर्ड. त्यात तीन बाजू असतात: प्रकल्पाला पैशाचं मोल मिळतंय ना हे बघणारा एक्झिक्युटिव्ह, वापरणाऱ्यांच्या वतीने सीनियर युजर आणि बनवणाऱ्यांच्या वतीने सीनियर सप्लायर. पण बोर्ड काही रोज येऊन बसत नाही. ते एका वेळी एका टप्प्याला मंजुरी देतं आणि मॅनेजरला थोडी मोकळीक देतं. तिला म्हणतात टॉलरन्स. समजा, टप्पा तीन महिन्यांचा, खर्च 10 लाख. दोन आठवडे आणि एक लाख इकडे-तिकडे चालतील. तेवढ्यात मॅनेजर आपलं आपण निभावतो.

आता खरी गंमत. दुसऱ्या महिन्यातच लक्षात येतं की काम महिनाभर लांबणार. उशीर अजून झालेला नाही, होणार असं दिसतंय. प्रिन्स-टू म्हणतं, याच क्षणी बोर्डाला कळवा. एक्झेप्शन रिपोर्ट लिहा: काय झालं, परिणाम काय, पर्याय कोणते, तुमची शिफारस काय. मग बोर्ड ठरवेल, वेळ वाढवायचा, काही फीचर्स गाळायची की प्रकल्पच थांबवायचा.

नव्याने मॅनेजर झालेल्यांनी हे नीट ऐका. ‘अजून थोडं रेटून बघू’ म्हणत वाईट बातमी दाबून ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. इथे ती लवकर सांगणं हे तुमच्या कामातच धरलेलं आहे. आणि बिझनेस केसमध्ये दम उरला नसेल, तर मध्येच थांबवलेला प्रकल्प म्हणजे नाचक्की नव्हे. उरलेला पैसा वाचला.

एक सूचना. 2023 च्या सातव्या आवृत्तीत थीम्सना ‘प्रॅक्टिसेस’ म्हटलंय आणि माणसांना, म्हणजे ‘पीपल’ला, पद्धतीचा स्वतंत्र घटक केलंय. जुन्या नोट्स वाचताना गोंधळू नका, धागा तोच आहे.

आता तुमचा गृहपाठ. ‘टप्प्याटप्प्याने चालवा’ हे तत्त्व घ्या. ते कुठल्या थीममध्ये दिसतं, कुठल्या प्रक्रियेत उतरतं, कागदावर रेघा ओढून बघा. असे तीन-चार धागे जोडलेत की एकवीस नावं घोकावी लागणार नाहीत.

चला, भेटू पुढच्या भागात!